फांदीला हळद लागली हो!

शिव शिव शिव! काय चाललंय काय आपल्या पुण्यात? दसऱ्याला माणसं पूर्वी सोनं वाटायची, आता सिकेटर परजत गच्चीवर चढतात. "चकल्या झाल्या का?" याच्या आधी "गुलाबाची छाटणी झाली का?" असं विचारतात. 'नाही' म्हणून तर बघा! समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी कीव दाटते, की पोरगं दहावीला गचकलं तेव्हाही कुणी एवढी केली नव्हती. आणि छाटणी तरी साधी आहे का? बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा, आणि कापलेल्या टोकाला बुरशी धरू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावायची. पेस्ट संपली की स्वयंपाकघरातली हळद. थोरला चौतिशी उलटून बिनलग्नाचा बसलाय, पण फांदीला मात्र हळद लागली!

पुढं ४५ ते ५० दिवस फुलाची वाट. या काळात घरात कुणी सहलीचं नाव काढायचं नाही. झाडांना पाणी कोण घालणार? शेजारी? छे! शेजारी मुद्दाम जास्त घालतात, मुळं कुजावीत म्हणून.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. केळी आता सालांसाठी आणतात, गर घरातली माणसं नाइलाजानं संपवतात. चहाचा चोथा दोनदा धुऊन वाळत घालतात, कारण साखर राहिली तर मुंग्या होतात. जन्मात अंड्याला न शिवलेल्या काकू खालच्या मजल्यावर टरफलं मागायला जातात. आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद असलेल्या घरात बोनमीलची पिशवी? हाडांचा भुगा आहे हो तो! "झाड खातंय, मी नाही," असं उत्तर मिळालं. घ्या! शिवाय निंबोळी पेंड, शेंगदाण्याची पेंड, शेणखत आणि अमावास्येला कुंडीवरून लिंबू. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि कोंबडीला वर्षातून चार फुलं.

पण खरी गंमत जातींची. माणसाची जात विचारायचं आपण म्हणे सोडलं. गुलाबाची मात्र चपला काढता काढता विचारतो. आणि त्यातही पायऱ्या आहेत बरं का. फ्लोरिबंडा म्हणजे जरा सामान्य, मिनिएचर म्हणजे पोरखेळ, हायब्रिड टी असेल तरच बसा म्हणतात.

सगळ्यांना बिघडवणारी म्हणजे डबल डिलाईट. १९७७ सालची, कॅलिफोर्नियातून आलेली. कळी साय रंगाची आणि उमलेल तशी कड लाल होत जाते. आता ही लाली येते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. बी विंगमधल्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन पोचत नाही, तिथं बाईसाहेब फिक्कट पिवळ्याच राहतात. गच्चीवरची तिचीच सख्खी बहीण मात्र कुंकवाच्या करंड्यात तोंड घालून आल्यासारखी. झालं! नर्सरीवाल्याच्या नावानं शिमगा सुरू: "फसवलं मेल्यानं, दुसरंच कलम दिलं!" अहो, कलम तेच आहे. तुमचा फ्लॅट उत्तरमुखी, त्याला बिल्डर जबाबदार. वास मात्र दोघींचा असा, की कटकट करणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून नाक पुढं करतो. वासावर भाळून आणावी तर भुरी हिच्यावर आपल्याहून जास्त भाळलेली. पानांवर पांढरी पावडर फासून बसलेली असते.

तिच्यापुढची पायरी म्हणजे पापा मेयाँ. काळपट लाल, मखमली, वासानं गच्च. १९६३ सालापासून जगभरचे लोक याच्या पायी वेडे आहेत. आणि झाड? फांद्या कुरकुरत वाढणार, फुलं मोजून देणार, भुरी आली की पहिले हे आडवे. तरी ज्याच्या घरी पापा मेयाँला फूल आलं, त्याचं जिन्यातलं चालणं बदलतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. क्वीन एलिझाबेथ उलटी. काटक, उंच, गुलाबी. तळमजल्यावर लावावी आणि फुलं पहिल्या मजल्याच्या ग्रिलमध्ये यावीत. मग ती फुलं कुणाची? सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत यावर कितीही वेळ जाऊ शकतो. पाण्याच्या टँकरचा विषय पुढच्या वेळी.

पीसचं तर पुराणच वेगळं. फ्रान्समध्ये मेयाँ नावाच्या माणसानं घडवलेला हा गुलाब. त्याचं पीस हे नाव अमेरिकेत जाहीर झालं ते २९ एप्रिल १९४५ ला, तिकडे बर्लिन पडत असताना. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघ उभारायला जमलेल्या प्रतिनिधींनाही त्याचं एकेक फूल दिलं होतं. जगात शांतता नांदावी म्हणून! आपल्याकडे याच गुलाबाची फांदी न विचारता कापली म्हणून दोन सख्खे शेजारी बोलायचे थांबलेत.

आणि आता नवं खूळ, इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिनचे गुलाब. वाटीसारखे, पाकळ्यांनी ठासून भरलेले. फोटो बघून जीव जातो, किंमत ऐकून परत येतो. इंग्लंडच्या गारव्यातलं ते फूल एप्रिलच्या पुण्यात सकाळी उमलतं आणि दुपारी माना टाकतं. जुलैत कळीत पाणी शिरलं की पाकळ्या एकमेकींना चिकटून कळी न उघडताच कुजते. कोकणात आणि गोव्यात तर बोलायलाच नको, तिथला पाऊस आणि काळे ठिपके मिळून झाडाचा नुसता खराटा करतात. म्हणून लोक थांबले का? नाव नको. पावसाळ्यात गुलाबावर छत्री बांधलेली गच्ची आहे आपल्या पेठेत. खाली आजोबा भिजत उभे.

आता कानात सांगण्यासारखी गोष्ट. सी विंगमधल्या निवृत्त मॅनेजरसाहेबांचा गुलाब बघायला आपण सगळे गेलो होतो. काय तो जोम! हिरवेगार लांबलचक वेत, बोटभर काट्यांचे, दोरीनं ग्रिलला बांधलेले. दोन वर्षं फूल नाही, पण "ताकद साठवतंय," असं साहेब म्हणाले. आपण माना डोलावल्या. मग कुणीतरी वाकून बुंधा पाहिला. कलमाची गाठ काळी पडून वाळलेली, आणि सगळे वेत निघालेले गाठीच्या खालून. म्हणजे वरचा विलायती गुलाब कधीच वारला होता, आणि साहेब इतके दिवस बोनमील चारत होते ते खालच्या जंगली खुंटाला! सांगायचं कुणी? कुणीच नाही सांगितलं. चहा घेतला, "वा, वा" केलं आणि घरी येऊन प्रत्येकानं गुपचूप आपापली गाठ तपासली. सात पानांची फांदी जंगली आणि पाच पानांची खरी, असा एक सिद्धांत सोसायटीत फिरतोय, त्यावर जाऊ नका. चांगल्या गुलाबालाही सात पानं येतात. फुटवा गाठीच्या वरून आलाय की खालून, एवढंच बघायचं.

निळ्या गुलाबाच्या बियांचं पाकीट मागवणारेही आपल्यातच आहेत. गुलाबात मुळात निळं रंगद्रव्यच तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचं जनुक घालून २००९ साली निळा म्हणून गुलाब विकायला काढला, तोही बघणाऱ्याला जांभळटच दिसतो. ब्ल्यू मूनचंही तसंच, नाव निळं आणि फूल फिक्कट जांभळं. आणि संकरित गुलाब बियांपासून हुबेहूब उतरत नाही, म्हणून तर डोळे भरून कलमं करतात. पाकिटातून काय उगवलं? कुणी म्हणतं मुळा, कुणी म्हणतं काहीच नाही. पाकीट मात्र जपून ठेवलंय, त्यावरचा फोटो छान आहे म्हणून.

बरं, हसावं तर मोठमोठी माणसं यात बुडालेली. डॉ. बी. पी. पाल, गव्हावरच्या तांबेऱ्याशी झुंजणारे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. देशाच्या पोळीची काळजी वाहणारा हा माणूस उरलेल्या वेळात काय करायचा? गुलाबांची लग्नं लावायचा! रोझ शरबत, दिल्ली प्रिन्सेस, डॉ. होमी भाभा, असे एकेक वाण त्यांनी काढले. एवढा मोठा माणूस सुटला नाही, तिथं आपल्या साहेबांचं काय?

आणि प्रदर्शनाच्या सकाळी काय बघावं! टिळक स्मारक मंदिरात स्पर्धक पहाटे बाटल्यांमध्ये फुलं घेऊन येतात, पाकळ्यांच्या मध्ये कापसाचे बोळे कोंबून त्या हव्या तेवढ्या उघडवतात, रंगाच्या मऊ ब्रशनं धूळ झाडतात. परीक्षक यायच्या आत बोळे काढले की झाली तयारी. लेकीच्या लग्नात मेकअपवालीला "एवढं कशाला?" म्हणणारे गृहस्थ हेच. किंग ऑफ द शो हुकलं की परीक्षकाला गुलाबातलं काय कळतंय, आणि मिळालं की परीक्षक देवमाणूस.

इतकं सगळं होईपर्यंत आजीनं परसात खोचलेली गावठी गुलाबाची काडी काय करत असते? फुलत असते. तिला ना पेंड, ना हळद. गुलाबी, ढगळ, दोन दिवसांत गळणारं फूल, पण देव्हारा भरतो आणि पाकळ्यांचा गुलकंद होतो. ग्लॅडिएटरही तसाच. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी तो उघड्या रानात पिकवला, हारवाल्यांनी तो विकला, आणि म्हणूनच सोसायटीत त्याला कुणी विचारत नाही. बाजारात मिळतो तो कसला गुलाब? आइसबर्गनं पांढऱ्या फुलांचे झुबके वर्षभर द्यावेत, तर म्हणे वास नाही. म्हणजे फुलणाऱ्याची किंमत नाही आणि रुसणाऱ्याच्या मिनतवाऱ्या. ही रीत नवी थोडीच आहे?

तुम्ही हसताय? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? तुमच्याही फोनमध्ये नातवापेक्षा कळ्यांचे फोटो जास्त आहेत, आणि इस्त्रीच्या कपड्यांखाली निंबोळी पेंडेची पिशवी आहे. वास येतो हो, बाहेर जिन्यापर्यंत.

तर ऐका. पहिलंच कलम घेत असाल तर ग्लॅडिएटर किंवा आइसबर्ग घ्या. कुंडी बारा इंची, ऊन निदान पाच-सहा तास, कलमाची गाठ मातीच्या वर. नर्सरीत पापा मेयाँ मागू नका. मागणारच आहात, तेव्हा निदान दोन घ्या. एक आमच्यासाठी ठेवा, पैसे लगेच देऊ.