होडीतून सॅमन धरण्याची शास्त्रोक्त पद्धत

सॅमन आणि ट्राउट होडीतून धरायला शिकायचं, तर स्कॉटलंड गाठावं. तिथे या विद्येचा पहिला नियम असा, की जे काही करायचं ते दुसऱ्याने करायचं. या दुसऱ्याला 'गिली' म्हणतात. होडी तो वल्हवतो, वारा तो पाहतो, गळाला लावायची नकली माशी तो निवडतो आणि गळाला लागलेला मासा जाळीत घेतो. मासा सुटला तर चूक कोणाची, हेही त्याला ठाऊक असतं, पण बक्षिसी हातात पडेपर्यंत तो बोलत नाही. उरलेलं काम, म्हणजे बसणं, तेवढं आपलं. तेही नीट करावं. होडीत मध्येच उभं राहणाऱ्याला पोहता आलेलं बरं.

सॅमनबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. समुद्रातून नदीत शिरला की हा मासा खाणं सोडतो. अंडी घालून होईपर्यंत कडकडीत उपवास, आपल्यासारखा साबुदाण्याच्या खिचडीवरचा नव्हे. अशा व्रतस्थापुढे महागडं आमिष नाचवत बसायचं, हा या खेळाचा गाभा. मग तो गळाला तोंड का लावतो? कोणी म्हणतं राग, कोणी म्हणतं कुतूहल, कोणी म्हणतं समुद्रातली जुनी खोड. आपण सगळ्यांपुढे मान डोलवावी. पैसे आपण भरलेले असले, तरी होडी गिलीच्या ताब्यात आहे.

स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या जुन्या पद्धतीचं नाव 'हार्लिंग'. होडीच्या मागच्या बाजूला दोन-तीन काठ्या लावायच्या, दोऱ्या प्रवाहात सोडायच्या, आणि गिलीने होडी या काठाकडून त्या काठाकडे वल्हवत हळूहळू खाली उतरू द्यायची. काठी वाकली की आपण ती उचलायची. तोवर थर्मासमधला चहा संपवावा.

ट्राउटसाठी तळ्यावर जावं. तळ्याला तिथे 'लॉख' म्हणतात. लॉख लेव्हन त्यासाठी प्रसिद्ध आहे. होडी वाऱ्याला आडवी सोडून द्यायची, ती फार पळू लागली तर कापडी छत्रीसारखा 'ड्रोग' पाण्यात सोडून तिला आवरायचं, आणि वाऱ्याच्या दिशेने माशा फेकत राहायचं. आरशासारखं पाणी आणि लख्ख ऊन असेल, तर फोटो काढून परत यावं. 'डॅपिंग' हा त्यातला ऐषारामी प्रकार. पंधरा फुटांच्या आसपासची काठी आणि वाऱ्यावर तरंगणारी रेशमी दोरी. माशी पाण्यावर नुसती नाचवायची. माशाने ती घेतली की मात्र हिसका देऊ नये, आधी त्याला खाली वळू द्यावं. तिकडचे जुने लोक मनात 'गॉड सेव्ह द किंग' म्हणून मगच काठी उचलतात. प्रजासत्ताकाच्या नागरिकांनी 'गणपती बाप्पा मोरया' म्हणावं, वेळ तेवढाच लागतो.

एवढं करून काय साधतं? 7 ऑक्टोबर 1922 ला जॉर्जिना बॅलंटाइन ही बाई टे नदीवर ग्लेनडेल्वाइनजवळ होडीत बसली होती. पहिल्या महायुद्धात तिने परिचारिकेचं काम केलं होतं. वल्ह्यांवर होते तिचे वडील जेम्स. संध्याकाळी मासा लागला, अंधार पडला, झुंज दोन तासांच्या वर चालली. होडीत आला तो 64 पौंडांचा, म्हणजे सुमारे 29 किलोंचा सॅमन. गळाने धरलेल्या सॅमनचा ब्रिटनमधला तो विक्रम आजही कायम आहे. मासा पर्थच्या इस्पितळाला दिला. विक्रमाच्या नोंदीत नाव लेकीचं आहे. दोन तास अंधारात होडी सांभाळणाऱ्या बापाला त्यात जागा नाही, आणि हा आमच्या पहिल्या नियमाचा सर्वोत्तम पुरावा आहे.

टे नदीवरचा मोसम 15 जानेवारी ते 15 ऑक्टोबर. पहिल्या दिवशी केनमोर गावात बॅगपाइप वाजवत मिरवणूक निघते आणि होडीवर व्हिस्की ओततात. ती पाहून हळहळू नये. 1 एप्रिलपूर्वी धरलेला सॅमन परत पाण्यात सोडावाच लागतो. आणि रविवारी स्कॉटलंडात सॅमनला गळ टाकणं हा गुन्हा आहे. तेव्हा शनिवार-रविवार जोडून रजा टाकणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी वार मोजावेत.