चाहत्याचा हातभार

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. सहा महिने, जवळजवळ रोज. एवढ्या सामन्यांतून कोणता संघ खरोखर सरस आहे हे बऱ्यापैकी नक्की होते. ते नक्की झाले की बाजूला ठेवले जाते आणि प्लेऑफ सुरू होतात. 2022 पासूनच्या रचनेत अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांतले सहा-सहा, असे 12 संघ ऑक्टोबरात उतरतात. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, पुढच्या दोन सात-सातांच्या; त्यांतली शेवटची म्हणजे वर्ल्ड सिरीज. दोन्ही लीगमधल्या अव्वल दोन संघांना पहिली फेरी माफ असते. हरण्यासाठी त्यांना दुसऱ्या फेरीपर्यंत थांबावे लागते.

2001 साली सिएटल मरिनर्सने 116 सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजच्या आदल्या फेरीत न्यू यॉर्क यांकीजने त्यांना 4-1 असे घरी पाठवले. 2022 मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सने 111 सामने जिंकले. त्यांच्यापेक्षा 22 सामने कमी जिंकलेल्या सॅन डिएगो पाद्रेजने त्यांना चार सामन्यांत निकालात काढले. आयपीएलच्या प्रेक्षकाला हा अन्याय ओळखीचा वाटेल, पण तिथे साखळीत 14 सामने असतात. 162 सामने खेळवून मग चिठ्ठी टाकायची, तर त्याला वेगळी ऐपत लागते.

1968 पर्यंत असे नव्हते. दोन लीगचे विजेते थेट वर्ल्ड सिरीज खेळत आणि बाकीची शहरे सप्टेंबरातच पुढच्या वर्षाच्या गोष्टी करू लागत. पुढे विभाग पाडले गेले, फेऱ्या वाढल्या, 1995 पासून विभाग न जिंकलेल्या संघांसाठी वाइल्ड कार्डाची खिडकी उघडली, मग ती दोनदा रुंद केली. कारण सोपे आहे. जितके संघ ऑक्टोबरात जिवंत, तितक्या शहरांत देव पाण्यात. आणि देव पाण्यात घालून बसलेला माणूस टीव्ही बंद करत नाही.

या माणसाला दुसरेही व्यसन असते, ते रॉक कॉन्सर्टचे. दोन्ही एकाच माणसाला जडणे अमेरिकेत दुर्मीळ नाही, कारण दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच मैदानात, त्याच आसनावर, त्याच भावाच्या बिअरसोबत विकल्या जातात. दोन्हींमागे श्रद्धाही एकच: आपण तिथे आहोत म्हणून ते घडते आहे.

बेसबॉलमध्ये या श्रद्धेचे कर्मकांड बरेच विकसित झाले आहे. संघ मागे पडला की टोपी उलटी, आतली बाजू बाहेर करून घालायची. जिंकत असताना अंगात असलेला शर्ट संघ हरेपर्यंत धुवायचा नाही. 1987 साली मिनियापोलिसच्या एका वर्तमानपत्राने पांढरे रुमाल वाटले आणि मिनेसोटा ट्विन्स वर्ल्ड सिरीज जिंकले. तेव्हापासून प्लेऑफमध्ये रुमाल फडकवणे हा देशभर पिचरवरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावरचा, उतारा समजला जातो. 2002 मध्ये एंजल्सच्या मैदानातील पडद्यावर एक माकड उड्या मारताना दाखवत आणि ते दिसले की संघ धावा काढतो, अशी तिथल्या प्रेक्षकांची खात्री होती. एंजल्स त्या वर्षी विजेते ठरले, त्यामुळे माकडाविरुद्ध पुरावा कोणाकडेच उरला नाही. 2011 मध्ये सेंट लुइसला चालू सामन्यात होम प्लेटसमोरून एक खार धावत गेली. मांजर आडवे गेल्यावर घरी परतणाऱ्या वाचकाला पुढचे समजून घेणे जड जाणार नाही: कार्डिनल्सने विजेतेपद मिळवले आणि खेळाडूंच्या विजेतेपदाच्या अंगठीवर खार कोरली गेली. ज्या पिचरांनी तो चषक मिळवून दिला, त्यांच्या बोटात अजून ती खार आहे.

यश नसेल तेव्हा कर्मकांडाऐवजी साडेसाती लागते. बोस्टन रेड सॉक्स 1918 मध्ये जिंकले. 1920 च्या आरंभी आपला खेळाडू बेब रूथ यांकीजला विकल्याचे जाहीर झाले आणि त्यापुढची विजेतेपदाविना गेलेली सगळी दशके त्या व्यवहाराच्या खात्यावर मांडली गेली. संघाकडे कित्येक वर्षे पुरेसे चांगले पिचर नव्हते हे स्पष्टीकरण उपलब्ध होते, पण त्यात चाहत्याला करण्यासारखे काही नव्हते. शिकागो कब्जची साडेसाती बकऱ्यापायी. 1945 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बिली सियानिस नावाचा गुत्तेवाला आपला बकरा घेऊन रिग्ली फील्डवर आला. बकऱ्यासह त्याला बाहेर काढण्यात आले, आणि त्याने शाप दिला असे म्हणतात. त्यानंतर कब्जना वर्ल्ड सिरीजचे तोंड पाहायला 71 वर्षे लागली.

बोस्टनची सुटका 2004 मध्ये झाली. वर्ल्ड सिरीजच्या आदल्या फेरीत यांकीजविरुद्ध ते 0-3 असे मागे होते, तिसरा सामना तर 19-8 असा गमावलेला. चौथ्याच्या नवव्या इनिंगमध्ये यांकीज एका धावेने पुढे आणि पिचर मारियानो रिव्हेरा, ज्याच्या हाती ऑक्टोबरातली आघाडी सहसा सुटत नसे. रिव्हेरा घरच्या मैदानात उतरताना मेटॅलिकाचे ‘एन्टर सँडमन’ वाजवायचा यांकीजचा रिवाज होता. हे गाणे मैदानाच्या कर्मचाऱ्यांनी निवडले होते. रिव्हेराला स्वतःला त्यात रस नव्हता. तरी पन्नास हजार लोकांच्या अंगावर शहारे येत, आणि समोरच्या फलंदाजाचे पाय त्यामुळेच लटपटतात असे ते मानत. त्या रात्री सामना बोस्टनमध्ये होता. डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला, बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारला, आणि मग बोस्टनने उरलेले तिन्ही सामने घेतले. तीन सामने मागे पडून सातांची मालिका जिंकणे बेसबॉलमध्ये त्याआधी कोणाला जमले नव्हते. रॉबर्ट्स वेगाने धावतो आणि त्याने पिचरचा अभ्यास केला होता, ही माहिती नंतर सर्वांना मिळाली. तरी बोस्टनभोवतीच्या न्यू इंग्लंडमध्ये आजही असे असंख्य लोक भेटतात, ज्यांनी त्या क्षणी सोफ्यावरची जागा मुद्दाम बदलली नव्हती.

चाहत्याने खेळात खरोखरच हात घातला तर काय होते, याची नोंद मात्र शिकागोत आहे. 14 ऑक्टोबर 2003, रिग्ली फील्ड. मालिकेत 3-2 ने आघाडीवर असलेले कब्ज सहाव्या सामन्यात 3-0 ने पुढे, वर्ल्ड सिरीज पाच बळींवर. आठव्या इनिंगमध्ये एक उंच चेंडू कडेच्या प्रेक्षकांकडे गेला. कब्जच्या मोइझेस आलूने झेलासाठी उडी घेतली, प्रेक्षकांतूनही काही हात पुढे झाले आणि चेंडू त्यांतल्या एकाच्या हाताला लागला. त्यानंतर कब्जच्या शॉर्टस्टॉपने साधा चेंडू सोडला, पिचर कोलमडले, फ्लोरिडा मार्लिन्सने त्या इनिंगमध्ये आठ धावा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी सातवा सामनाही जिंकला. दोष कोणाचा हे ठरवायला शहराला फार वेळ लागला नाही. त्या प्रेक्षकाला सुरक्षारक्षकांच्या कड्यातून बाहेर न्यावे लागले. त्याचे नाव इथे देत नाही. शिकागोत ते पुरेसे घेऊन झाले आहे. चेंडू एका रेस्टॉरंटने लिलावात एक लाख डॉलरहून अधिक मोजून घेतला आणि फेब्रुवारी 2004 मध्ये सर्वांसमक्ष स्फोटाने उडवला. पुढच्या वर्षी त्याचे अवशेष उकळून त्यांची वाफ धरली आणि ती पास्त्याच्या सॉसमध्ये घालून गिऱ्हाइकांना वाढली. आयुष्यभर ‘तुमच्याशिवाय आम्ही काहीच नाही’ हे ऐकत आलेल्या प्रेक्षकांपैकी एकाच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरले, त्याला ही शिक्षा.

रॉकच्या चाहत्याने बेसबॉलला लावलेला हातभारही शिकागोचाच. 12 जुलै 1979 ला शिकागोचा दुसरा संघ व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांचे एकाच संध्याकाळी दोन सामने होते. डिस्कोवर राग असलेला रॉक रेडिओचा निवेदक स्टीव्ह डाल याच्याबरोबर संघाने योजना आखली: डिस्कोची एक तबकडी आणा, 98 सेंटमध्ये आत या, मधल्या वेळेत सगळ्या तबकड्या मैदानात सुरुंगाने उडवू. तबकड्या उडाल्या, त्यांच्याबरोबर हिरवळही उडाली, हजारो लोक मैदानात उतरले, बेस पळवले गेले, आणि दुसरा सामना न खेळताच डेट्रॉइटला बहाल झाला. त्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्याही पुष्कळ होत्या, असे तिथल्या एका कर्मचाऱ्याने पुढे सांगितले. म्हणजे राग केवळ तालाचा नव्हता. बेसबॉलच्या इतिहासात हा प्रसंग सहसा गमतीच्या सदरात टाकतात.

कॉन्सर्टमध्ये चाहत्याचा वाटा आवाजाचा असतो. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये, दुसऱ्या बेसजवळ उभारलेल्या मंचावर बीटल्स गायले. प्रेक्षक सुमारे 55,600. व्हॉक्स कंपनीने खास 100 वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते, आणि बाकी भिस्त फलंदाजांची नावे पुकारण्याच्या कर्ण्यांवर होती. किंचाळ्यांपुढे दोन्हींचा पाड लागला नाही. अर्ध्या तासात 12 गाणी झाली. ती मंचावरच्या चौघांना धड ऐकू आली नाहीत आणि प्रेक्षकांनाही नाहीत. ऐकू आले ते प्रेक्षकांना प्रेक्षकच. हा रॉकच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी कार्यक्रमांपैकी एक गणला जातो. पुढच्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क या बेसबॉल मैदानावरच बीटल्सनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला, आणि ते स्टुडिओत निघून गेले. तिथे कोणी ओरडत नाही.

ध्वनियंत्रणा सुधारल्यावर ओरडण्याचे प्रयोजन संपायला हवे होते. ते टिकवायला शेवटच्या गाण्याची प्रथा उपयोगी पडते. बँड ‘गुड नाइट’ म्हणून आत जाते, दिवे मंद राहतात, लोक पाय आपटतात आणि बँड विरघळून परत येते. परत आल्यावरची गाणी गाण्यांच्या यादीत दुपारीच छापलेली असतात आणि ती यादी मंचावर चिकटवलेली असते. पुढच्या रांगेतल्यांना ती वाचताही येते. वाचूनही ते पाय आपटतात. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमांत हातभार अधिक रीतसर असतो: चाहते गाण्यांच्या फर्माइशींचे फलक आणतात आणि तो त्यांतले काही उचलून खरोखर गातो. हेलसिंकीला 2012 मध्ये तो चार तासांहून अधिक वेळ गायला. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांनी तर नोंदी ठेवण्याचे कामच अंगावर घेतले. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की 1984 पासून बँडने त्यांच्यासाठी वेगळी जागा राखली. कोणत्या रात्री कोणते गाणे कितव्या क्रमांकाला आले, याचे त्यांनी ठेवलेले तक्ते पाहिले तर बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ त्यांना चुलतभाऊ म्हणतील.

दोन्ही श्रद्धांचे एकत्र देवस्थान म्हणजे पर्ल जॅमचा गायक एडी व्हेडर. तो लहानपणापासून कब्जचा चाहता. कब्जचा लाडका खेळाडू एर्नी बँक्स याने सांगितल्यावरून त्याने संघासाठी गाणे केले. कारकिर्दीत 512 होम रन मारूनही बँक्सला प्लेऑफचा एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. जुलै 2013 मध्ये पर्ल जॅम रिग्ली फील्डवर गायली. वादळामुळे कार्यक्रम दोन तासांहून अधिक थांबला, पुन्हा सुरू झाला आणि रात्री दोनच्या सुमारास संपला. 2016 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातही नवव्या इनिंगनंतर पाऊस आला, 17 मिनिटे खेळ थांबला आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्ज 8-7 असे जिंकले. 2013 चा पाऊस ही 2016 च्या पावसाची रंगीत तालीम होती, असे मानणाऱ्यांना हवामानखात्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. 2003 च्या त्या प्रेक्षकाला संघाने 2017 मध्ये विजेतेपदाची अंगठी दिली. पास्त्याबद्दल काही सांगितल्याचे आढळत नाही.

चाहत्याचा हातभार जिथे कोणीच नाकारत नाही, ती जागा तिकीटखिडकी. 1994 मध्ये पर्ल जॅमने 18 डॉलरचे तिकीट आणि त्यावर फार तर 1.80 डॉलर शुल्क, असा हट्ट धरला. तिकीटमास्टरने तो मानला नाही. बँडचे दोघे वॉशिंग्टनला संसदीय समितीपुढे साक्ष देऊन आले, न्याय खात्याने चौकशी केली आणि 1995 मध्ये ती बंद केली. तिकीटमास्टरला टाळून केलेला दौरा रखडत गेला, आणि काही वर्षांत बँड त्याच खिडकीवर परतली. 2010 मध्ये तिकीटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन या कंपन्या एक झाल्या. 2024 मध्ये न्याय खात्याने त्यांना वेगळे करा म्हणून दावा लावला. मधल्या काळात मागणीबरोबर आपोआप चढणारे दर आले. 2022 मध्ये स्प्रिंगस्टीनच्या काही तिकिटांचा आकडा 4,000 ते 5,000 डॉलरच्या घरात गेला. कामगारांची दुःखे गाणाऱ्याचे तिकीट कामगाराला महिन्याच्या पगारातही बसेना, तेव्हा 1980 पासून त्याच्यावर निघणारे ‘बॅकस्ट्रीट्स’ हे चाहत्यांचे नियतकालिक 2023 मध्ये बंद पडले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी सप्टेंबर 2024 मध्ये ऑनलाइन रांगेत कोटीहून अधिक संख्येने उभे राहिलेल्यांना हा विषय वेगळा समजावण्याची गरज नाही. त्यांचे मैदान क्रिकेटचे होते, एवढाच फरक.

मे 2025 पासून अमेरिकेत नवा नियम लागू झाला आहे. सेवाशुल्क, सुविधाशुल्क वगैरे धरून तिकिटाची पूर्ण किंमत आता सुरुवातीलाच दाखवावी लागते, पैसे भरायच्या शेवटच्या पडद्यावर नव्हे. किती शुल्क घ्यावे, यावर नियमात मर्यादा नाही.