सहा मिनिटांच्या आत

शेंगेन व्हिसाची फाइल लावायची म्हणजे आपल्याकडे अख्खं घर कामाला लागतं. बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, ऑफिसातून रजेचं पत्र, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. आणि या सगळ्यांवर दिवसवार कार्यक्रम. कोणत्या तारखेला कोणत्या गावात झोपणार आणि तिथून पुढच्या गावी कशानं जाणार. पाठीवर सॅक टाकून वाट फुटेल तिकडे जायचं, ही चैन तिकडच्या पोरांना परवडते. निळ्या पासपोर्टवाल्या पोरानं वाट कुठे फुटणार आहे हे आधी सही करून द्यायचं असतं.

समजा, कोथरूडच्या एका पोरानं असा तक्ता एक्सेलमध्ये बसवला, रंगवला आणि दिला. जर्मन वकिलातीचं समाधान झालं. आईनं एक प्रत फ्रिजवर चिकटवली. आता हा पोरगा फ्रँकफर्टच्या फलाटावर उभा आहे, आणि इथून पुढचा कारभार जर्मन रेल्वेकडे आहे.

२०२४ मध्ये डॉइश बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर आल्या. आकडा खुद्द रेल्वेचा, तेव्हा तो घरच्या मायेनं काढलेला आहे हे लक्षात ठेवावं. सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. आणि जी गाडी रद्दच झाली, ती या हिशेबात येत नाही. परीक्षेलाच न बसलेला मुलगा नापास कसा होईल?

हे गणित एकदा कळलं की पुढची युक्ती ओघानं सुचते. गाडी फारच मागे पडली तर तिला शेवटच्या स्टेशनापर्यंत नेऊच नये. अलीकडेच उतारू उतरवावेत आणि तिथूनच गाडी उलटी फिरवावी; परतीची फेरी वेळेवर सुटते. या कसरतीला लोकांनी ‘पोफाला वळण’ म्हणायला सुरुवात केली. रोनाल्ड पोफाला हे आधी मर्केलबाईंचे मंत्री आणि नंतर रेल्वेच्या संचालक मंडळावर. आपल्याकडे चौकाला नाव लागावं म्हणून घराणी झिजतात. या गृहस्थांना रेल्वेनं फुकटात अजरामर केलं.

पण खरी करमणूक फलाटावर. पोराचं आरक्षण ज्या डब्याचं, तो ‘ए’ विभागासमोर लागणार म्हणून तो तिथे अर्धा तास आधीपासून उभा. गाडी दिसू लागते आणि घोषणा होते: आज डब्यांचा क्रम उलटा आहे. साडेतीनशे मीटरहून लांब गाडी, थांबणार मोजकी मिनिटं. ‘ए’कडचे ‘एफ’कडे धावतात, ‘एफ’कडचे ‘ए’कडे. मध्यावर गाठ पडते तेव्हा सगळे एकमेकांना अत्यंत सभ्यपणे सॉरी म्हणतात, थांबत मात्र कुणी नाही. सॅकच्या जाळीतली स्टीलची बाटली निसटते आणि गडगडत थेट रुळांवर जाते. बाटली आजीनं दिलेली. फोनवर काय सांगायचं ते पोरगा धावता धावताच ठरवतो. तेवढ्यात दुसरी घोषणा, उशिराचं कारण सांगणारी: कामकाजात झालेला उशीर. उशीर का, तर उशीर झाला म्हणून. इतकं गोल कारण आपल्या मंत्रालयालाही अजून सुचलेलं नाही.

सीमेपलीकडे स्विस लोक तीन मिनिटांच्या आतच वेळेवर मानतात. जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी ते बाझेललाच थांबवतात आणि उतारूंना आपल्या गाडीत बसवून पुढे नेतात. थोडक्यात, जर्मन गाडीला व्हिसा नाकारला जातो. दिवसवार कार्यक्रम असमाधानकारक.

आपला पोरगा बाझेलपर्यंतही पोहोचत नाही. पुढची गाडी चुकून तो मानहाइमला अडकतो. रात्री घरून फोन येतो.

“पोहोचलास का रे? तक्त्यात आज इंटरलाकेन आहे.”

“आई, प्लॅन बदललाय.”

“कोणी बदलला?”

याला उत्तर नसतं. इंटरलाकेनच्या हॉस्टेलचे पैसे भरलेले, तिथला पलंग रिकामा. पण हा पोरगा रेल्वेच्या सहवासात राहून शहाणा झालेला असतो. मानहाइमच्या जुन्या भागात पत्त्याला रस्त्याचं नाव नसून ‘क्यू ६’, ‘पी ७’ अशी अक्षरं-आकडे असतात. त्या पाटीखाली उभा राहून तो फोटो काढतो आणि इन्स्टाग्रामवर टाकतो: स्लो ट्रॅव्हल, गर्दीपासून दूर. चुकलेली गाडी हिशेबातून बाहेर. वेळेवर नसलेल्या गाड्या वेळेवर दाखवणारे लोक आणि हा, आता एकाच खात्यात नोकरी करू शकतील. मित्रांच्या लाइक्स येतात. पुण्यात गाडी वीस मिनिटं अडली असती, तर याच पोरानं रेल्वेमंत्र्यांना टॅग केलं असतं.

सरकारही अगदीच गप्प नाही. जर्मनीच्या परिवहनमंत्र्यांनी २०२५ मध्ये उद्दिष्ट जाहीर केलं: २०२९ अखेर ७० टक्के गाड्या वेळेवर. म्हणजे दहातल्या तीन तेव्हाही उशिरा येतील, पण ठरल्याप्रमाणे.

तोवर नियम प्रवाशाच्या बाजूनं आहेत. साठ मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के परत, दोन तासांना ५० टक्के. त्यामुळे पन्नास मिनिटांनंतर डब्याचा नूर पालटतो. तोवर घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकणारी माणसं खुशीत येतात. गाडी शेतात उभी राहिली की समोरच्या आजीबाई विणकाम खाली ठेवून पसंतीची मान हलवतात. चोपन्न. पंचावन्न. कुणीतरी परताव्याचा फॉर्म उघडून नावही लिहून ठेवतं. मग गाडी हलते आणि वेग घेते. असा वेग, जो सकाळपासून कुणी पाहिलेला नसतो. सत्तावन्नाव्या मिनिटाला ती फलाटाला लागते आणि अख्खा डबा ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडतो.