मैदान मोकळं नाही

आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ निघाला, याचं श्रेय द्यायचंच झालं तर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यावं लागेल. नॅकची पीअर टीम येणार म्हटलं की स्टाफरूमचे पंखे पुसले जातात, ग्रंथालयातली पुस्तकं एकदम नंबरवारीने लागतात आणि आपल्या कॉलेजात मुलीही शिकतात, हे व्यवस्थापनाच्या ध्यानात येतं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्यांच्यापुढे निकषांची फाइल उघडी होती.

"पाचव्यात खेळ येतोय, सातव्यात मुलींसाठी काय केलं ते येतंय. मुलींचा फुटबॉल काढला की दोन्हीकडं लिहिता येतंय बघा."

"सर, मी मूळची खो-खोची."

"शिट्टी आहे न्हवं तुमच्याकडं?"

शिट्टी होती. मी फुटबॉलची कोच झाले.

यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींचा फुटबॉल एवढा फोफावला, त्याच्याही मुळाशी कागदच आहे. 1972 साली तिथे 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मूळ कलमात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही, पण कॉलेजांना जिमखान्याचाही हिशेब द्यावा लागला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने 1979 मध्ये मुलींचा संघ काढला आणि तो ॲन्सन डोरन्स यांच्या गळ्यात मारला. हे गृहस्थ मुलांच्या संघाचे कोच होतेच, आणि कोच होण्याआधी वकिली शिकत होते. पुढे त्यांच्या हाताखाली या मुलींनी अमेरिकी कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धेचं विजेतेपद 21 वेळा मिळवलं. 1991 साली चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या अमेरिकेचे कोचही तेच. वकिलीपेक्षा खो-खो हा फुटबॉलला जवळचा, त्यामुळे पात्रतेच्या बाबतीत मी डोरन्स यांच्यापेक्षा चार आणे पुढेच होते. फक्त ते कोल्हापुरात नव्हते.

कोल्हापुरात फुटबॉलचा कोच असणं म्हणजे पंढरपुरात जाऊन कीर्तन शिकवणं. इथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतात. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की निम्मी पेठ तिथे आणि उरलेली निम्मी गच्चीवर. आमच्या प्रत्येक मुलीच्या घरात एकतरी पुरुष असा होता की ज्याचा आवाज फुटबॉलच्या मोसमात बसायचा तो थेट पावसाळ्यातच उठायचा.

मला वाटलं, अशा घरांत परवानगी चुटकीसरशी मिळेल. एका वडिलांकडे संमतीपत्र घेऊन गेले, तर त्यांनी कौतुकाने विचारलं, "मॅच बघायला नेताय व्हय पोरींना? न्या की." खेळायला नेतेय म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे आणि मग मुलीच्या पायांकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. कोल्हापुरात फुटबॉलला नाही म्हणायची पद्धतच नाही. "बघू," म्हणाले.

आणि खरोखरच बघायला आले. दुसऱ्या दिवशी सरावाला मुलगी आली, मागोमाग वडील आले, त्यांच्यामागून त्यांचे मित्र. आठवड्याभरात मुली कमी आणि बाप जास्त अशी अवस्था झाली. टचलाइनला उभे राहून एक म्हणायचे, "4-4-2 कशाला म्याडम, 4-3-3 लावा." दुसऱ्यांना दोनच बॅक हवे असायचे, कारण त्यांच्या वेळी दोनच बॅक असायचे. मी 4-4-2 लावलेलं नव्हतंच. माझ्याकडे आठ मुली होत्या.

त्या आठ कुठून आल्या, ते सांगायला हवं. नोटीस बोर्डावर सूचना लावली, तेव्हा कबड्डीच्या संघातून गळलेल्या तिघी आल्या. एक एनसीसीची आली, ती बॉल आला की आधी सावधान व्हायची. दोघी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चुकवायला आल्या आणि राहिल्या. एक म्हणाली, "मी येतो म्याडम, पण घरात बोलू नका, लायब्ररीत जातो म्हणून सांगितलोय." आणि आठवी आमची गोलकीपर.

ही करवीर तालुक्यातल्या गावची. घरच्या म्हशी संध्याकाळी गंगावेशीत येतात, कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात ओतलं जातं, आणि सुट्टीच्या दिवशी ती धार काढणारी हीच. मी लांबून जोरात बॉल मारला. बाकीच्या मुली अंगावर बॉल आला की मान वळवून डोळे मिटायच्या. तिने पाय रोवले, डोळे उघडे ठेवले, आणि बॉल पोटाशी धरून तो दूध दिल्यागत माझ्या हातात आणून दिला. भीती वाटत नाही का, विचारलं. "म्हस अंगावर आली की डोळं झाकायचं न्हाई म्याडम. झाकलं की संपलं." गोलकीपिंगवर मी पुढे काहीच शिकवलं नाही. उगाच बिघडवायचं कशाला.

कबड्डीच्या मुलींना मात्र शिकलेलं विसरायला लावावं लागलं. समोरची खेळाडू चकवून निघाली की आमची सेंटर बॅक सूर मारून तिचा घोटा धरायची. कबड्डीत याला अँकल होल्ड म्हणतात आणि गुण मिळतो, फुटबॉलमध्ये कार्ड मिळतं. "पण सुटली न्हाई की म्याडम," हा तिचा युक्तिवाद होता, आणि संरक्षणाच्या दृष्टीने त्यात खोट काढणं अवघड होतं.

खरेदीचा विषय थोडक्यात आटोपते. बॉल, जर्सी, शूज, शिनगार्ड यांसाठी तीन कोटेशन लागतात. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी सगळ्यांत स्वस्त कोटेशन मंजूर केलं. जर्सी आल्या त्या मुलांच्या मापाच्या, स्टडचे शूज मुलींच्या मापात मिळेनात, आणि शिनगार्ड 'आवश्यक नाही' असा शेरा मारून कापले गेले. फुटबॉलच्या नियमात ते सक्तीचे आहेत, हे मी पुस्तक उघडून दाखवलं. भाऊसाहेबांनी पुस्तकाची पावती मागितली.

पण कोटेशनपेक्षा अवघड गोष्ट मैदान. मैदान आमच्या कॉलेजला आहे, चांगलं मोठं आहे. फक्त ते मोकळं नसतं. सकाळी तिथे एनसीसीची परेड, दुपारी ऊन, संध्याकाळी पाचपासून मुलांचा फुटबॉल, पलीकडच्या अंगाला क्रिकेटचं नेट, आणि लग्नसराईत संचालक मंडळाच्या ओळखीतला एखादा मांडव. मुलींना मिळायचा तो मांडवाच्या खड्ड्यांचा कोपरा. कुणीही आम्हाला खेळू नका म्हणालं नाही. सगळे हेच म्हणाले, की आज जरा मैदान मोकळं नाही.

ही युक्ती आमच्या कॉलेजची नाही, ती इंग्लंडची. 1920 साली ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची मॅच बघायला 53 हजार लोक आले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवलं. पण बायकांच्या खेळण्यावर बंदी घालायचा खटाटोप केला नाही, फक्त क्लबांना कळवलं की आपली मैदानं बायकांना देऊ नका. तेवढं जवळजवळ पन्नास वर्षं पुरलं. ठराव करणाऱ्यांना मी मानते. खेळाडूला अडवलं तर ती भांडते, पण मैदानाच्या कुलपाशी कोण आणि किती वेळ भांडणार?

विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा भर पावसाळ्यात आल्या. फुटबॉलमध्ये संघ अकरांचा असला, तरी सात खेळाडू असले की सामना सुरू करता येतो, हा नियम ज्याने केला तो नक्की एखाद्या नव्या कॉलेज संघाचा कोच असणार. माझ्या आठांपैकी एक लायब्ररीतून सुटली नाही, म्हणून आम्ही बरोबर सात उतरलो. समोर सहाच आल्या होत्या. त्यांचे सर पावसात फोन कानाला लावून सातवीला शोधत होते. मला हसू आलं नाही. जानेवारी 2022 मध्ये नवी मुंबईत महिलांचा आशिया चषक चालू असताना, कोरोनामुळे आपल्या राष्ट्रीय संघाला चायनीज तैपेईविरुद्ध, त्या स्पर्धेत किमान लागणाऱ्या 13 खेळाडूसुद्धा जमवता आल्या नव्हत्या. यजमान आपण, मैदान आपलं, आणि स्पर्धेबाहेरही आपणच. माणसं न जमण्याचं दुःख किती वरपर्यंत पोचलेलं आहे, ते मला तेव्हाच कळलं होतं.

आम्हाला पुढे चाल मिळाली. पुढे चाल मिळून आम्ही जिथे पोचलो तो अंतिम सामना होता, कारण स्पर्धेत संघच तीन होते. त्यात आम्ही चार गोल खाल्ले. गोलकीपरने त्याच्या दुप्पट तरी अडवले असतील. सेंटर बॅकने एकदा घोटा धरलाच, आणि पंचांनी कार्ड दाखवल्यावर टचलाइनच्या पाच बापांनी आयुष्यात पहिल्यांदा एकमताने एकच शब्द उच्चारला. तो इथे छापता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. 'झोनल स्पर्धेत देदीप्यमान उपविजेतेपद!' वर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य. खाली डाव्या कोपऱ्यात, भेळेच्या कागदावर मावेल एवढ्या फोटोत, सात मुली. गोलकीपरच्या चेहऱ्यावर फ्लेक्सची आयलेट आली होती. पीअर टीम आली, फ्लेक्सपाशी थांबली, एका मॅडमनी विचारलं, "स्पर्धेत किती संघ होते?" प्राचार्य म्हणाले, "झोनमधले सगळे." इतकं खरं उत्तर त्या दोन दिवसांत दुसरं कुणी दिलं नसेल.

टीम गेली, फाइल बंद झाली. आता संघ बंद पडेल, असा माझा आणि भाऊसाहेबांचा अंदाज होता. पण मुली यायच्या थांबेनात. एके दिवशी चौदा आल्या. चौदा मुली मांडवाच्या कोपऱ्यात मावेनात, म्हणून त्या सरकत सरकत मधल्या गोलपर्यंत गेल्या आणि तिथेच खेळू लागल्या. पाच वाजले, तसा मुलांचा कॅप्टन बूट हातात घेऊन माझ्याकडे आला. चांगला मुलगा आहे, तालमीकडून खेळतो.

"म्याडम, ह्यांचं किती वाजता संपतंय?"

मी तोंड उघडायच्या आत गोलमधून आवाज आला, "आज जरा मैदान मोकळं न्हाई, भावा. सहानंतर बघ."