पाणी कुठे मुरतंय? जुना ट्रेलर घेणाऱ्यांसाठी शास्त्रोक्त विधी

प्रस्तुत विधी इलिनॉय, इंडियाना, ओहायो या पट्ट्यात राहणाऱ्या आणि दोन मुलं, एक मिनीव्हॅन, एक प्रेशर कुकर एवढा परिवार बाळगणाऱ्या मराठी गृहस्थासाठी आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात राहणाऱ्यांना यातले निम्मे उपचार लागत नाहीत. त्यांनी उरलेला वेळ आमच्यासाठी हळहळण्यात घालवावा.

प्रथम मुहूर्त. सप्टेंबरअखेरपासून थंडी पडेपर्यंतचा काळ उत्तम, कारण त्या वेळी विकणाऱ्याला ट्रेलर आणखी एक हिवाळा सांभाळायचा नसतो. मार्च-एप्रिल सर्वथा वर्ज्य. तेव्हा बर्फाबरोबर माणसांची अक्कलही वितळते आणि भाव चढतात.

मालाची चिंता नको. कोविडात लोकांना निसर्गाची फार आठवण झाली. २०२१ या एका वर्षात अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाख आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, बाहेर पडल्या. त्यांतल्या बहुतेक इंडियानातल्या एल्कहार्ट गावाच्या आसपास जन्मल्या, आणि त्या गावात या गाड्यांचं संग्रहालयसुद्धा आहे. पुढे ऑफिसं उघडली, निसर्ग मागे पडला, आणि त्यांतल्या कितीतरी आता कुणाकुणाच्या अंगणात ताडपत्री पांघरून बसल्या आहेत.

कुठला प्रकार घ्यावा यावर फार डोकं चालवू नये. इंजिन असलेलं मोटारहोम महाग पडतं, फिफ्थ व्हीलला पिकअप ट्रक लागतो. मध्यमवर्गाच्या नशिबी गाडीमागे ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलरच.

आता पत्रिका जुळवणं. ट्रेलरची आणि ओढणाऱ्या गाडीची. मिनीव्हॅनची ओढण्याची ताकद बहुधा ३५०० पौंड. विकणारा सांगतो, ‘‘याचं वजन फक्त ३२०० आहे.’’ आपण खूश. पण हे वजन रिकाम्याचं, म्हणजे जन्मल्यावर दवाखान्यात केलेलं. त्यात चाळीस गॅलन पाणी भरलं की सव्वातीनशेहून जास्त पौंड वाढले. मग २० पौंडांची कणकेची पिशवी, तेवढाच तांदूळ, कुकर, पोळपाट-लाटणं, ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेला मिक्सर, आणि मुलांच्या सायकली. दाराजवळच्या स्टिकरवर भरल्या ट्रेलरचं कमाल वजन लिहिलेलं असतं. हिशोब त्यावर करावा. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे, हिचवर, यायला हवा. तो कमी पडला तर हायवेवर ट्रेलर मागे झुलायला लागतो, आणि आयुष्यभर देवळाच्या बाहेरूनच नमस्कार करणारा माणूस स्टिअरिंगवर रामरक्षा म्हणतो.

जाहिरातीची भाषाही शिकून घ्यावी. ‘लाइटली यूज्ड’ म्हणजे तीन वर्षं जागचा हललेला नाही. त्यामुळे टायरची नक्षी नवी कोरी दिसते आणि आपण फसतो. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. टायरच्या कडेला ‘डीओटी’ या अक्षरांपुढच्या रांगेत शेवटी चार आकडे असतात. २३१७ असेल, तर जन्म २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं उलटलेले टायर किमतीतून वजा करावेत. हे ऐकून विकणारा दुखावल्यासारखा चेहरा करतो. करू द्यावा.

‘एव्हरीथिंग वर्क्स’ म्हणजे त्याने बरेच दिवसांत काही लावून पाहिलेलं नाही. फ्रिज आदल्या संध्याकाळीच सुरू करून ठेवायला सांगावं. हा फ्रिज बहुधा आपल्या घरच्यासारखा नसतो. तो गॅसच्या ज्योतीवरही चालतो आणि थंड व्हायला तासन्‌तास घेतो. आपण पोचल्यावर ‘आत्ताच लावलाय’ असं उत्तर मिळालं, तर त्यात उद्या दूध ठेवून परवा दही काढायची तयारी ठेवावी. मागे पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा भपकारा असेल, तर दह्याचीही आशा नको. वीज तीसच अँपियरची आहे हेही घरात आधीच सांगून टाकावं. एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावली की अंधार होतो, आणि त्या अंधारात ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य फार स्पष्ट ऐकू येतं.

परंतु ही सगळी दुरुस्त होणारी दुखणी. खरा विधी पाण्याचा. ट्रेलर म्हणजे बरेचदा आत लाकूड, त्यावर पातळ फायबरग्लास आणि वर रबराचं छत. छताचे सांधे, खिडक्यांचे कोपरे, एसीची चौकट, सगळीकडे सीलंट लावलेलं असतं. ते दर वर्षी तपासायचं असतं. ते कोणीही तपासत नाही. मग पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि बाहेरच्या भिंतीला फुगे येतात. टम्म फुगलेली पुरी ताटात शोभते, भिंतीवर नाही. भिंतीकडे समोरून न पाहता कडेने, डोळा भिंतीला लावून पाहावं.

जमीन बुटांनी तपासू नये. बूट काढावेत आणि मोज्यांवर चालावं. दारापाशी, शॉवरजवळ, कमोडच्या भोवती. पाय जिथे धिरड्यावर पडल्यासारखा वाटेल तिथून परत फिरावं.

ओल मोजायचं यंत्र मिळतं, पैसे घेऊन तपासून देणारे तपासनीसही मिळतात. आम्ही पहिला ट्रेलर पाहायला गेलो तेव्हा आमच्याकडे मात्र सासूबाई होत्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या, जन्म-कर्म चिपळूणचं. मी सोलापूरचा, आमच्याकडे ओल दिसली तर लोक आनंदाने शेजाऱ्यांना बोलावतात. ऊन रखरखीत होतं, ट्रेलर लखलखत होता, आत लॅव्हेंडरचा सुवास दरवळत होता. मी मनातल्या मनात यलोस्टोनला पोचलो होतो. सासूबाईंनी पलंगाखालचा कप्पा उघडला, आत डोकं घातलं आणि एकदाच श्वास घेतला.

‘‘अहो, ऑगस्टमधल्या गोधड्यांचा वास येतोय. ह्याचं कुठेतरी पाणी मुरतंय.’’

विकणाऱ्याने मला विचारलं, आजी काय म्हणाल्या? मी म्हटलं, त्यांना माहेरची आठवण झाली. तो भारावला आणि त्याने दोनशे डॉलर कमी केले. सासूबाईंनी तोवर कोपऱ्यातला वॉलपेपर अंगठ्याने दाबला होता. अंगठा आत गेला.

तेव्हा सुवास हे संशयाचं पहिलं कारण समजावं. लॅव्हेंडर ओल झाकायला आणि कप्प्याकप्प्यांत कपड्यांच्या ड्रायरचे सुगंधी कागद उंदरांना हाकलायला. दोन्ही एकाच ट्रेलरमध्ये सापडले तर नमस्कार करून निघावं.

नळांसाठी पंप लावायला सांगावा. नळ बंद असूनही पंप अधूनमधून घुरघुरत असेल, तर इथेही पाणी मुरतंय. इकडच्या थंडीत पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवावं लागतं, नाहीतर ते फुटतात. मागच्या हिवाळ्यात भरलं होतं का, हे नवऱ्याला विचारू नये, बायकोला विचारावं.

राहिली ब्लॅक टँक. संडासाची टाकी. आत किती भरलंय हे दाखवणारे दिवे असतात, आणि टाकी रिकामी केली तरी ते बहुधा दोन तृतीयांशावर अडून बसतात. यावर उपाय नाही. दर मुक्कामानंतर ती पाइप लावून रिकामी कोण करणार, हे मात्र व्यवहाराच्या आधी, साक्षीदारांसमक्ष ठरवावं. आम्ही नंतर ठरवायला गेलो. तेव्हापासून हातमोजे माझ्या मापाचे येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: टायटलवरचा आणि ट्रेलरवरचा नंबर जुळवावा, त्यावर कुणाचं कर्ज नाही ना ते पाहावं, आणि ‘सॅल्व्हेज’ हा शब्द दिसला की पुरात भिजलेला असू शकतो हे जाणावं. त्याच्याही आधी आपल्या सोसायटीची, म्हणजे एचओएची नियमावली वाचावी. पुष्कळ ठिकाणी अंगणात ट्रेलर उभा करायची मनाई असते. पुण्यातल्या सोसायटीच्या नोटिशींना कंटाळून इथे आलेल्यांना ते पत्र वाचून अगदी घरी आल्यासारखं वाटतं.

आणि तो लॅव्हेंडरवाला ट्रेलर सोडून परत येताना सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या ते इथे नोंदवून ठेवतो: ‘‘उन्हात काय बघायचं त्यात? बघायचं तर पावसात.’’ आमचा सध्याचा ट्रेलर आम्ही मुसळधार पावसात पाहिला. आत अर्धा तास गप्प बसून ऐकत राहिलो. विकणाऱ्याला वाटलं, काही धार्मिक असेल.

पाऊस सांगितलेला एखादा शनिवार गाठा. जाऊन या. मोज्यांचा एक जोड जास्तीचा घ्या.