फुकटातले रोम

आमच्या शेजारच्या भाऊंना ‘रोम कसं वाटलं?’ असं चुकूनही विचारू नये. ‘कितीत झालं?’ असं विचारावं. मग भाऊ खुर्ची पुढे ओढतात, शर्टाच्या खिशातून बारकी वही काढतात आणि आपली संध्याकाळ त्यांची होते. चंद्रपुरात परदेशी जाऊन आलेली माणसं चॉकलेटं वाटतात, फोटो दाखवतात. भाऊ न केलेला खर्च दाखवतात.

भाऊ महाऔष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. 2920 मेगावॅटच्या केंद्रात हयात गेली. पण घरात रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्यांच्या पोटात कालवतं. मुलानं विमानाची तिकिटं काढून दिली, तेव्हा बाकीचं सगळं भाऊंनी आपल्या अंगावर घेतलं. टूरवाल्याचं माहितीपत्रक त्यांनी ‘सात दिवस, सहा रात्री’ इथपर्यंत वाचलं आणि मिटलं. ‘‘रात्रीचे पैसे कायले घेते हा? रात्री तं आपन झोपूनच रायतो!’’

मग त्यांनी अभ्यास केला. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट. कोलोसियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. भाऊंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, जुलैचा शेवटचा रविवार आणि ऑगस्टचा पहिला रविवार यांना गोल केले आणि जाण्यायेण्याच्या तारखा त्यांच्या दोन्ही बाजूंना लावल्या. मधले सहा दिवस मोकळेच पडणार होते, म्हणून त्यात रोम पाहायचं ठरलं.

व्हिसाचे माणशी 90 युरो मात्र चुकवता आले नाहीत. त्यावर सक्तीचा प्रवास विमा, किमान 30 हजार युरोंचा. त्या कागदाकडे भाऊ बराच वेळ पाहत राहिले. ‘‘माही एवढी किंमत आजपावतो कोनंच केली नाई.’’

पाठीवर मुलाची कॉलेजातली सॅक. तिच्यात चिवडा, मुरमुरे, दशम्या, जवसाची चटणी आणि सगळ्यांच्या खाली दोन कपडे. मुक्काम तेर्मिनी स्टेशनजवळच्या हॉस्टेलात, एका खोलीत दुमजली पलंगांची रांग. आजूबाजूला विशीतली पोरं-पोरी. बरोबर आलेल्या काकू बिचकल्या. ‘‘अहेरीच्या बस स्टँडवर रात्र काढली होती आपन, ध्यानात हाय का? तिथं तं गादी बी नव्हती,’’ असा धीर देऊन भाऊ वरच्या मजल्यावर चढले.

दुसऱ्या दिवशी पारा 37 अंशांवर गेला. शहरात उन्हाचा इशारा, गोरी माणसं सावलीच्या चिंधीसाठी भिंतीला चिकटलेली. मे महिन्यात 47 अंश सोसून आलेले भाऊ भर दुपारी रस्त्याच्या मधोमध चालत होते. ‘‘हे तं आपलं फेब्रुवारी हाय.’’ पाण्याला पैसा नाही. रोमच्या गल्लोगल्ली 1874 पासून लोखंडी नळखांब आहेत, नासोने म्हणतात त्यांना, आणि पाणी अखंड वाहतं. तोटी बोटानं दाबली की वरच्या भोकातून धार उडते, थेट तोंडात घ्यायची. भाऊंनी दोन लिटर पिऊन घेतलं, बाटल्या भरल्या आणि मग नळ बंद करायची चावी शोधू लागले. चावी नव्हतीच. उन्हाळ्यात इरई धरणाची पातळी रोज पेपरात पाहणारा माणूस तो. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. वहीत तोही फायदाच निघाला.

बसचं तिकीट दीड युरो, शंभर मिनिटं चालतं. तेवढ्या वेळात बस-ट्राम कितीही बदला. ‘‘ज्येष्ठाले हाफ नाई का?’’ असं भाऊंनी आधी विचारून घेतलं. आपल्याकडे पासष्टीनंतर लालपरीत निम्मं भाडं. चंद्रपूरहून भामरागडपर्यंत ते त्याच भाड्यात जाऊन आलेत. इथे नाही म्हटल्यावर त्यांनी शंभर मिनिटं पुरेपूर वसूल करायची ठरवली. काकूंना एखादा चौक आवडला, ‘उतरू या का’ म्हणाल्या, की भाऊ घड्याळ दाखवत : ‘‘अजून एकेचाळीस मिन्टं बाकी हाय.’’

स्पॅनिश पायऱ्यांवर त्यांनी डबा सोडला, तोच पोलिसाची शिट्टी. 2019 पासून तिथे बसायला बंदी आहे, दंड शेकड्यांत. दंडाचा आकडा कळताच भाऊ गुडघेदुखी विसरून उभे राहिले आणि खाली उतरून दशमी उभ्यानंच संपवली. कॉफीही उभ्यानंच, टेबलाशी बसलं की तीच कॉफी महाग. ‘‘रोम हे उभ्यानं पाहाचं गाव हाय,’’ हा त्यांचा निष्कर्ष.

तटबंदी मात्र त्यांनी मन लावून पाहिली, कारण तिला तिकीट नव्हतं. सम्राट ऑरेलियननं इ. स. 271 मध्ये काम सुरू केलेली 19 किलोमीटरची भिंत. पोर्ता माज्जोरेजवळ ट्राम, मोटारी, दुचाकी यांचा गुंता पाहून भाऊंना उमाळा आला. ‘‘अवो, हे तं आपलं जटपुरा गेट!’’ इको-प्रो संस्थेची पोरं 2017 पासून आपला चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट साफ करत होती, तेव्हा श्रमदानाचं निमंत्रण दिसलं की भाऊ गल्ली बदलत. आता गडचिरोलीचे पाहुणे आले की ते त्यांना बिनबा गेटापासून चालवत नेतात. ‘‘रोमपेक्षा आठ किलोमीटर कमी हाय. पन ना व्हिसा, ना विमा.’’

भाऊंचा सगळ्यात आवडता किस्सा सान लुइजी देई फ्रांचेसी या चर्चमधला. आत काराव्हाज्जोची तीन मोठी चित्रं, पाहायला पैसे नाहीत. पण कोपरा अंधारा. शेजारी एक पेटी. तिच्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळानं आपोआप विझतो. ‘‘मी 2920 मेगावॅटच्या घरचा मानूस, मी एका बल्बाले युरो देऊ? शंभर रुपयांत आपल्या घरचा पंखा हप्ताभर फिरते!’’ भाऊ खांबाला टेकून अंधारात उभे राहिले, दुसरा कोणीतरी टाकेल म्हणून. काकू पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. तेवढ्यात खट्ट वाजलं आणि दिवा लागला. ‘‘एखाद्या जपान्यानं टाकला असंल,’’ भाऊ विजयी मुद्रेनं सांगतात. चित्रात येशू कर गोळा करणाऱ्या मॅथ्यूला बोलावतोय. टेबलाभोवतीची माणसं चकित होऊन पाहताहेत आणि एक पोरगा खाली मान घालून नाणी मोजतोय. ‘‘तेवढा एकच मानूस कामाचा होता. बाकीचे फालतू इकडंतिकडं पाहून रायले होते.’’

परत आल्यावर हिशेब लागेना. दीड-दीड युरोची तिकिटं, उभ्यानं प्यायलेल्या कॉफ्या, सगळं जुळलं. एक युरो कमी येत होता. भाऊंनी तीन रात्री बेरजा केल्या, सॅक उलटी करून झटकली.

‘‘देवाले वाह्यला असंल,’’ काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि वहीत लिहिलं : ‘देवस्थान, 1 युरो. पावती नाही.’