खोली लहान म्हणून जोडी टिकली

अहो, ऐकलंत का? काल भिशीत कोपऱ्यावरच्या मावशींचं तोंड असं उतरलं म्हणता! जरा इकडं भिंतीजवळ या, आमच्या ह्यांना ऐकू जायला नको.

त्यांच्या जिंतूरकडच्या शेतात विहीर खणायलेत ना. सुरुंग उडवला तर काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे, गुलाबीसर खडे निघाले, चकचकीत. झालं! मावशींनी गेला महिनाभर ‘कुणाला सांगू नका हं’ म्हणत सगळ्या कॉलनीला सांगितलं, शेतात हिरे लागले. सराफाला विचारून झालं, देवाला पेढे बोलून झाले... आणि काल त्यांचीच सूनबाई, एम.एस्सी. केमिस्ट्रीवाली, चारचौघींत काय म्हणावी? ‘आई, हे हिरे नाहीत. झिओलाइट आहे, स्टिल्बाइट.’ मावशींच्या बशीतले पोहे तसेच्या तसे. खरं बोलावं बाई, पण घरी जाऊन बोलावं ना!

तरी पोरगी काही खोटं बोलली नाही. दख्खनच्या दगडातले हे खडे जगभरच्या म्युझियमांत ठेवलेले असतात, आपल्या सिन्नरच्या गारगोटी म्युझियममधे तर कपाटंच्या कपाटं. पण वरच्या मजल्यावरच्या मामींनी लगेच विचारलं, ‘मग किलोला भाव काय?’ त्यांचं सगळं किलोवरच असतं.

तर काय सांगत होते? हां. सूनबाई म्हणाली, भाव सोडा, ह्याच्या पोटात काय आहे ते बघा. सगळी भोकं! आपल्याला दिसायची नाहीत इतकी बारीक. शास्त्रज्ञ प्रयोगाला आपले विहिरीतले खडे नाही घेत, त्यांची दारं फारच अरुंद. वाय नावाचा एक झिओलाइट बनवून घेतात. त्याचं दार 0.74 नॅनोमीटरचं आणि आतली खोली 1.3 नॅनोमीटरची, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या खोलीत एखादा रेणू कोंडायचा आणि वरून उजेड सोडायचा. बास. मोकळ्यावर जो रेणू वाट्टेल तसा वागतो तो आत गेला की सरळ होतो.

मामी म्हणाल्या, म्हणजे कसं? मग तिनं जे सांगितलं ना, त्यावर मी रात्री झोपले नाही. अहो, एक डायबेन्झिल कीटोन म्हणून असतो. त्यात समजा ए आणि बी असं जोडपं, आणि दोघांच्या मधे हात धरून उभा एक मध्यस्थ. उजेड पडला की दोन्हीकडचे हात सुटतात आणि हा मध्यस्थ कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातो. मेला भांडण लावून पसार! मागं राहिली ती दोघं. मोकळ्या द्रावणात असली तर भटकतात, जो भेटेल त्याचा हात धरतात. शेवटी हिशेब काय, तर ए-ए एक वाटा, ए-बी दोन वाटे, बी-बी एक वाटा. निम्मे संसार मोडलेच की! पण हेच साबणाच्या पाण्यात रेणूंच्या ज्या इवल्या गोळ्या होतात त्यांच्या आत झालं तर बाहेर जायला वाव नसतो, बहुतेक आपापल्याच जोड्या परत जुळतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या निकोलस टरोंनी दाखवलं हे. आणि झिओलाइटमधे तर गंमतच, कधी कधी मध्यस्थ निघायच्या आतच दोघं पुन्हा चिकटतात, पण भलत्याच जागी! हे ऐकून मामी एकदम गप्प. त्यांच्या मुलानं मागच्या वर्षीच पुण्यात थ्री बीएचके घेतलाय आणि तेव्हापासून... जाऊ द्या, मी काही बोलले नाही.

ह्या संशोधनात आपला एक माणूस आहे बरं का, व्ही. राममूर्ती. आधी बंगळुरूच्या आयआयएससीत होते, मग अमेरिकेला गेले, मायामीला. आयुष्यभर रेणू कोंडून उजेड सोडायचाच उद्योग. आणि अगदी आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमधे ज्योतिष्मन दासगुप्तांचा गट आहे. त्यांनी दगडच नाही घेतला. कोपऱ्याला पॅलेडियम लावलेले रेणूंचे पिंजरे, पाण्यात विरघळणारे, जपानच्या फुजितांच्या पद्धतीचे. तेलकट रेणूला पाणी नको असतं, तो आपणहून पिंजऱ्यात शिरतो. उजेड पडला की पिंजरा त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, प्रोटॉन पाणी उचलतं, आणि कार्बन-हायड्रोजनचा तो हट्टी बंध सुटतो. 2019 साली छापून आलंय. मला विचाराल तर दगडापेक्षा हा पिंजरा भारी.

आता नोबेलचं तुम्हाला माहीतच आहे. 2025 चं केमिस्ट्रीचं मिळालं ते कितागावा, रॉब्सन आणि याघी ह्या तिघांना, धातू आणि सेंद्रिय रेणूंची अशीच पोकळ घरं बांधली म्हणून. दोन-चार ग्रॅमच्या पुडीत आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा असतो म्हणे. याघींनी तर वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवलं. हे ऐकून मावशींना तेवढ्यात कंठ फुटला, ‘मग आमच्याकडं एप्रिलात टँकर कशाला येतोय?’ सूनबाईला उत्तर सुचलं नाही. पहिल्यांदाच! मावशी अशा खुलल्या की पोह्यांची बशी एका दमात संपवली.

पण वहिनी, माझं ऐका. तुमचा पुतण्या अकरावीला आहे ना? केमिस्ट्री डोक्यावरून जाते म्हणतो? पुण्याच्या एनसीएल प्रयोगशाळेत असल्याच झिओलाइटचे उत्प्रेरक बनवले, एन्सिलाइट त्यांचं नाव. आणि 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथं मुलांना आत जाऊन बघता येतं. पाठवाच त्याला. नांदेड-पुणे गाडीचं तिकीट मात्र वेळेत काढून ठेवा, फेब्रुवारीत लग्नसराईची गर्दी असते.